पंधरा जून

रायगडच्या किनाऱ्यावर शाळा उघडतात तेव्हा होड्या शाकारून ठेवलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी. हा माशांच्या विणीचा हंगाम, आणि दर्याही खवळलेला. विदर्भ वगळता महाराष्ट्रातल्या शाळा साधारण १५ जूनला सुरू होतात. विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. म्हणजे थळ, वरसोली, रेवदंडा, बोर्ली, मुरूड, राजपुरी, भरडखोल अशा कोळीवाड्यांत वर्षातले जे दोन महिने बाप रोज रात्री घरी झोपतो, नेमके त्याच महिन्यांत मूल पहिलीत जातं. एरवी मुलाला शाळेत पोचवणं हे आईचं नाहीतर आजीचं काम. जूनमध्ये मात्र पोराला खांद्यावर घेऊन, डोक्यावर छत्री धरून शाळेकडे निघालेले बाप दिसतात. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की हेच बाप आठ-आठ दिवस समुद्रात. मुलाला शाळेची सवय लागते न लागते तोच घरातलं एक माणूस दिसेनासं होतं. जूनमध्ये हसत गेलेलं पोर ऑगस्टमध्ये का रडायला लागलं, याचं उत्तर मग वर्गात शोधून सापडत नाही.

शेतकरी घरांत गणित उलटं. जुलैत भाताची लावणी. आई पहाटेपासून चिखलात, आणि मुलाला शाळेत सोडायला शेजारची मोठी मुलगी. पेण, अलिबाग, म्हसळा या तालुक्यांतल्या कातकरी वाड्यांवर तर जून म्हणजे परतीचा महिना. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेली मुलं पावसाच्या तोंडावर वाडीत येतात, शाळेत नाव लागतं, आणि चार-पाच महिन्यांत पुन्हा बिऱ्हाड हलतं. अशा मुलाचा शाळेचा पहिला दिवस दर वर्षी नव्यानं येतो. या मुलांना गावातच ठेवून घेण्यासाठी सरकारनं हंगामी वसतिगृहांची सोय केली. पण सहा वर्षांचं मूल मागे ठेवून भट्टीवर जायला कुठली आई सहज तयार होईल?

मुलांच्या पहिल्या दिवसाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. फाटकाबाहेर उभ्या राहणाऱ्या माणसांबद्दल मात्र फारच थोडं. हे प्रकरण मुख्यतः त्यांच्याविषयी आहे.

रडण्यापासून सुरुवात करू. मूल साधारण आठ महिन्यांचं झालं की आई नजरेआड होताच रडू लागतं. दीड वर्षापर्यंत हे रडणं वाढत जातं, तीन वर्षांच्या सुमारास ओसरतं, आणि नवी जागा, नवी माणसं समोर आली की पुन्हा उफाळतं. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी मुलाच्या या ओढीवर आयुष्यभर काम केलं. त्यांच्या मोठ्या ग्रंथाचा पहिला खंड १९६९ साली आला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की आपल्या माणसाला धरून राहणं ही मुलाची वाईट सवय नसते, ती त्याच्या सुरक्षिततेची उपजत सोय असते. ज्याला परत यायला खात्रीची जागा आहे तेच मूल दूर जायचं धाडस करतं. आपल्याकडे ‘लाडावलंय’ म्हणून ज्याची बोळवण होते, ते बहुतेक वेळा एवढंच असतं.

बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी १९५२ साली एक फिल्म केली. अडीच वर्षांची एक मुलगी छोट्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात राहते, एवढाच तिचा विषय. त्या काळी ब्रिटिश रुग्णालयांत आईवडिलांना मुलांजवळ फार थोडा वेळ थांबू देत. कारण दिलं जाई ते असं: तुम्ही आलात की मुलं रडतात, तुम्ही गेलात की गप्प होतात. रॉबर्टसन यांच्या कॅमेऱ्यानं ते गप्प होणं काय असतं ते दाखवलं. ती मुलगी फारसा आरडाओरडा करत नाही. स्वतःला आवरते, मिटून जाते, आणि आई भेटायला आल्यावरही पूर्वीसारखी तिच्याकडे झेपावत नाही. डॉक्टर मंडळी आधी चिडली. पण १९५९ साली प्लॅट समितीनं मुलांच्या वॉर्डात आईवडिलांवर असलेली बंधनं सैल करण्याची शिफारस केली. आज कुठल्याही सरकारी रुग्णालयात लहान मुलाच्या खाटेशी आई नसेल तर नर्सच विचारते, आई कुठाय?

शाळा म्हणजे रुग्णालय नव्हे, हे खरंच. चार-पाच तासांचा प्रश्न असतो, आणि बरीच मुलं पाच-दहा मिनिटांत खरोखरच शांत होतात, कारण समोर काहीतरी मजेचं दिसतं. पण ‘तुम्ही निघा, पाच मिनिटांत गप्प बसेल’ हे वाक्य ऐकलं की मला ती फिल्म आठवते. गप्प बसणं दोन तऱ्हांचं असतं. एक मूल गप्प होतं ते मण्यांच्या डब्यात हात घातल्यामुळे. दुसरं गप्प होतं ते रडून उपयोग नाही हे कळल्यामुळे. दुसरं मूल दाराकडे बघत बसतं, डबा तसाच घरी आणतं, शू लागली तरी सांगत नाही. बाईंच्या पटावर दोन्ही मुलं ‘रमली’ या एकाच रकान्यात जातात.

आमच्या मुलीच्या बालवाडीत पहिल्याच दिवशी पालकांना सूचना होती: मूल आत सोडायचं आणि मागे न बघता निघायचं. आम्ही आठ-दहा जण निघालो ते थेट कुंपणापलीकडच्या सुपारीच्या वाडीत. पाऊस लागलेला, छत्र्या एकमेकींत अडकलेल्या, आणि आतून येणाऱ्या आवाजांतला आपला आवाज कुठला हे ओळखायची सगळ्यांची खटपट. एक आजी म्हणाल्या, ‘आत माझी नात एक आहे, बाकीचे सगळे इथं बाहेर रडतायत.’ हसलो सगळेच, पण हललं कुणी नाही. सूचना देणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता; तीस मुलांच्या वर्गात तीस आया बसल्या तर काय होईल, ही त्यांची धास्ती समजण्यासारखी आहे. तरी कुंपणाबाहेर भिजत उभं राहण्यापेक्षा आत भिंतीशी बसलेलं माणूस शाळेच्या जास्त उपयोगी पडतं, असं माझं ठाम मत आहे.

या मताला आधारही आहे. जर्मनीत १९८०च्या दशकात मुलांना पाळणाघराची सवय लावायची एक पद्धत बांधली गेली, ती बर्लिनच्या नावानं ओळखली जाते. पहिले तीन दिवस आई किंवा वडील मुलाबरोबर खोलीतच बसतात. खेळवायचं नाही, शिकवायचं नाही, नुसतं तिथं असायचं. या तीन दिवसांत मुलाला एकटं सोडायचा प्रयत्नही होत नाही. चौथ्या दिवशी पालक सांगून बाहेर जातात, तेही जास्तीत जास्त अर्धा तास. मूल रडलं आणि तिथल्या ताईंनी जवळ घेतल्यावर शांत झालं, तर पुढे वेळ वाढवायचा. नाही झालं तर घाई करायची नाही. दोन-तीन आठवडे लागले तर लागू द्यायचे. या पद्धतीत रडणं हा अपराध नसतो. रडल्यावर मूल कुणाकडे वळतं, एवढंच बघायचं असतं.

हे वाचून ‘त्यांना परवडतं’ असं म्हणायची आपली सवय आहे. म्हणून जवळचं उदाहरण घेतो, आपल्याच कोकणच्या उत्तर टोकाचं.

ताराबाई मोडक मुळात शहरी बालशिक्षणातल्या. गिजुभाई बधेका यांच्याबरोबर भावनगरला त्यांनी मॉन्टेसोरी पद्धतीचं काम केलं, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, १९३६ साली दादरला शिशुविहार सुरू झालं. १९४५ साली त्या समुद्रकाठच्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी उघडली, पण वारली पाड्यांतली मुलं तिथं येईनात. आया कामावर, मोठी भावंडं गुरांमागे, आणि लहान पोरांना भलत्या ठिकाणी सोडणार कोण? मुलं येत नाहीत म्हणून पालकांना दोष देणं सोपं होतं. या दोघींनी बालवाडीच उचलून पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमायची. आधी आंघोळ, वेणीफणी, मग गाणी, गोष्टी, बिया, शंख-शिंपले, पानं. घरची माणसं उंबऱ्यात बसून बघत असायची. हीच अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारनं एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, आणि या योजनेतलं केंद्र देशभर अंगणवाडी म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. १९६२ साली ताराबाईंना पद्मभूषण मिळालं, १९८५ साली अनुताईंना पद्मश्री.

नाव सगळीकडे गेलं. अंगण मात्र वाटेत कुठेतरी सुटलं. रायगडच्या गावांत अजून काही अंगणवाड्या समाजमंदिरात, देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्याच आवारात भरतात. येता-जाता आई डोकावते, सेविकाताईंना हाक मारते, मूल मान वर करून बघतं आणि पुन्हा खिचडीत बोटं घालतं. या मुलाला पहिलीत जायचं म्हणजे बहुधा आवारातल्या एका दारातून दुसऱ्या दारात जायचं असतं. तिथं फारसं रडणं ऐकू येत नाही. शहरी डोळ्याला भिंतीचे पोपडे दिसतात, ही सोय दिसत नाही. साडेतीन वर्षांचं मूल इंग्रजी माध्यमासाठी पिवळ्या बसमध्ये नाहीतर मिनिडोरमध्ये बसवून पंधरा-वीस किलोमीटर लांब अलिबागला धाडणारे आईबाप शेजारीच राहतात. त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही, काळजी त्यांनाही तेवढीच असते. पण ज्या वयात दुपारी झोप लागते त्या वयात रोज दीड तास वडखळ-अलिबाग रस्त्यावरचे खड्डे मोजण्यानं इंग्रजी सुधारतं, याचा पुरावा कुणी दाखवलेला नाही. निदान वेळेच्या बाबतीत सरकारला दया आली: फेब्रुवारी २०२४ मध्ये निघालेल्या निर्णयानुसार पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरलं.

भाषेची अडचण या किनाऱ्यावर जास्तच गुंतागुंतीची आहे. कुंडलिकेच्या मुखाशी, रेवदंड्याच्या समोर कोर्लई आहे. पोर्तुगीजांनी इथं १५२१च्या सुमारास किल्ल्याचं काम सुरू केलं, १७४० साली तो मराठ्यांकडे गेला, पण किल्ल्याखालच्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीजांची बोली राहिली. आजही हजारभर माणसं पोर्तुगीज आणि मराठीच्या मिसळणीतून झालेली ती भाषा घरात बोलतात. ‘नॉ लिंग’ म्हणजे आपली भाषा, असं तिला ते म्हणतात. क्लॅन्सी क्लेमेंट्स या भाषाशास्त्रज्ञानं तिच्यावर १९९६ साली स्वतंत्र पुस्तक लिहिलं. शाळा मात्र मराठी. मुरूड, श्रीवर्धन, म्हसळ्याकडच्या कोकणी मुसलमानांच्या घरात मराठी-कोकणीच्या जवळची बोली चालते आणि पुष्कळ मुलं जातात उर्दू माध्यमाच्या जिल्हा परिषद शाळेत. आगरी आणि कोळी घरांतली मुलं मराठीच बोलतात, पण पुस्तकातली मराठी नव्हे. ‘मना नाय जायाचा’ असं रडत सांगणाऱ्या मुलाला पहिलं उत्तर ‘मना नाही, मला म्हण’ असं मिळालं, तर त्यानं काय समजायचं? दुःख सांगितलं, आणि व्याकरण परत आलं.

मातृभाषेतून शिकणं मुलाला सोपं जातं हे युनेस्कोनं १९५३च्या अहवालात मांडलं आणि त्यानंतर ते इतक्यांदा म्हटलं गेलं की ऐकू येईनासं झालं. पहिल्या आठवड्यापुरता मात्र प्रश्न माध्यमाच्या वादाहून फार लहान आणि फार निकडीचा असतो: तहान लागली, शू लागली, पोटात दुखतंय, एवढं सांगायला मुलाकडे जे शब्द आहेत ते बाईंना कळतात का? पालकांनी पहिल्याच दिवशी हे चार शब्द बाईंना सांगून ठेवावेत. आणि मुलाला शाळेचं स्वच्छतागृह स्वतः नेऊन दाखवावं. तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात ते बहुधा अंधारं, ओलं, वर्गापासून लांब असतं. सकाळच्या पोटदुखीचा उगम कित्येकदा तिथं असतो.

निघताना मुलाला काय सांगायचं, यावर घराघरांत मतभेद. सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे मूल खेळात असताना हळूच सटकणं. तो त्या दिवसापुरता चालतो. दुसऱ्या दिवसापासून मूल खेळतच नाही, पदर धरून बसतं, कारण नजर हलवली की माणूस गायब होतं हे त्याला कळलेलं असतं. ‘बाजारातून खाऊ घेऊन आलेच’ ही थाप त्या सटकण्याचीच धाकटी बहीण. निरोप छोटा असावा, पण असावा. परत कधी येणार तेही सांगावं, घड्याळाच्या भाषेत नव्हे तर मुलाला कळणाऱ्या घटनेच्या भाषेत. किनाऱ्यावरची माणसं वेळ सांगताना सहज भरती-ओहोटीचा आधार घेतात. इथं तो घेऊ नये. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणजे या सोमवारी बाराला भरती असेल तर पुढच्या सोमवारी त्या वेळेला ओहोटी. शाळेतला भात मात्र रोज त्याच सुट्टीत मिळतो. ‘भात खाल्लास की मी आले’ हे आपल्याला पाळता येणारं आणि सहा वर्षांच्या मुलाला तपासता येणारं वचन आहे. अर्थात भात संपल्यावर खरंच यायला हवं.

एका पिढीचा पहिला दिवस वेळेवर आलाच नाही, तिचाही उल्लेख व्हायला हवा. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरजवळ किनाऱ्याला धडकलं. नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, शाळांचे पत्रे आणि कौलं उडाली, विजेचे खांब पडले. मार्चपासून करोनामुळे शाळा बंदच होत्या. शिक्षण मोबाइलवरून सुरू आहे असं राज्यभर सांगितलं जात असताना श्रीवर्धन-मुरूडकडच्या गावांत मोबाइल चार्ज करायला वीज नव्हती. त्या जूनमध्ये पहिलीत नाव घातलेली मुलं गावच्या शाळेत बसली ती १ डिसेंबर २०२१ला पहिली ते चौथीचे वर्ग उघडल्यावर, म्हणजे दुसरीचं अर्धं वर्ष सरल्यावर. सात-आठ वर्षांची झालेली ही मुलं वर्गाच्या दारात रडली, तेव्हा मोठ्यांना आश्चर्य वाटलं. वाटायला नको होतं. त्यांचा १५ जून तेव्हा उजाडत होता.

त्या गोंधळातून एक बरी गोष्ट निघाली. शाळापूर्व तयारीचं ‘पहिले पाऊल’ अभियान २०२२ साली राज्यभर सुरू झालं. शाळा उघडण्याआधी मेळावा भरतो, पहिलीत येणारी मुलं आईबापांबरोबर येतात, टेबलं मांडलेली असतात: कुठे उड्या मारायच्या, कुठे चित्र बघून बोलायचं, कुठे खडे मोजायचे. मग सुट्टीत वाडीवरच्या आयांचे गट घरच्याच वस्तूंनी हे खेळ घेतात. काही ठिकाणी हे फोटोपुरतं उरतं, हेही पाहिलंय. पण जिथं बाई मनापासून करतात तिथं मूल जूनमध्ये शाळेत येतं ते ओळखीच्या खोलीत, ओळखीच्या बाईंकडे, आणि आईही त्या खोलीत एकदा बसून गेलेली असते. त्यापुढे प्रवेशोत्सवाचे फुगे, गुलाबाची फुलं, बैलगाडीतून मिरवणूक हे सगळं मला दुय्यम वाटतं. बावरलेल्या मुलाला ढोल-ताशात आत नेण्यात उत्सव नक्की कुणाचा असतो?

वयाचीही घाई नको. महाराष्ट्रात पहिलीच्या प्रवेशासाठी ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण लागतात. फिनलंडमध्ये मूल सातव्या वर्षी शाळेत जातं आणि त्या देशाचं काही बिघडलेलं नाही. ‘आमचा आत्ताच शंभरपर्यंत म्हणतो’ म्हणून वर्ष आधी ढकललेलं मूल शंभरपर्यंत म्हणेल, पण चपलेचा बंद, डब्याचं झाकण आणि दप्तराची चेन यांच्याशी एकटं झगडत बसेल.

शेवटची गोष्ट पालकांना उद्देशून. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात किमान ७५ टक्के सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. ही समिती बहुतेक गावांत सह्या करण्यापुरती जमते. यंदाच्या एप्रिलच्या बैठकीत एक विषय मांडा: पहिलीच्या वर्गात पहिला आठवडाभर मागच्या भिंतीशी दोन सतरंज्या टाकायच्या, ज्यांची मुलं रडतात त्यांनी तिथं बसायचं, आणि बाई सांगतील तसं रोज थोडं लवकर उठायचं. याला निधी लागत नाही, वरची मंजुरी लागत नाही, आणि बहुमत तुमचंच आहे. कोळीवाड्यांत तर त्या वेळी बापही घरी असतात. त्यांनाही बसवा.